उन्हात घातलेले सेल

आष्ट्याच्या वरल्या आळीत कृष्णातचा हात सैल कधी दिसलाच, तर तो रामराम करताना. चहात साखर घालतानाही तो अशी नजर रोखायचा की चमचाच शरमावा. अठ्ठ्याहत्तर साली मात्र त्यानं एक खर्च केला. तोही वाचवायचा म्हणूनच.

घरात विजेवर चालणारा, ट्रंकेएवढा, मोठ्या रिळांचा स्पूलचा टेप होता. धाकटा भाऊसो फौजेत. दोन वर्षांमागं सीमेवर जाताना त्यानं आईसाठी त्यात चार शब्द बोलून ठेवले होते. आई, म्हणजे राहीबाई, डोळ्यांनी अधू. रोज दिवेलागणीला लेकाचा आवाज ऐकायची, मगच घास घ्यायची.

तो टेप सारखा बिघडू लागला. दुरुस्ती परवडेना. कृष्णातनं सांगलीला नेऊन तो मोडीत घातला, बदल्यात वापरलेला कॅसेटचा टेप घेतला आणि भाऊसोचा आवाज दुकानातच कॅसेटवर उतरवून आणला. हा टेप सेलवर चालायचा. पहिले काही दिवस आवाज खणखणीत.

मग सेल उतरले. नवे घेईल तर तो कृष्णात कसला? त्यानं तेच काढून पत्र्यावर उन्हात मांडले.

"काय रं गड्या, कुरडया घातल्यास व्हय?" शेजारच्या गुंडा नावाच्या मित्रानं बोळातनं हाळी दिली.

"उन्हानं ताकद भरती त्यात. तुज्या डोस्क्यात बी भरली आसती, पर तू सावलीतनं हलत न्हाईस!"

ऊन खाल्लेले सेल एखादं वाक्य धड काढायचे. पुढं भाऊसोचा आवाज जड व्हायचा, ओढायचा, आडाच्या तळातनं यावा तसा. रोज जरा जास्तच.

"कृष्णाता, पोरगं खोल चाललंय," राहीबाई म्हणाली.

"सेल उतरल्यात, आये. यंत्र हाय ते."

"आदीचं बी यंत्रच हुतं. तवा कसा न्हाई गेला खोल? लय दिस पत्र बी न्हाई. तुमी माज्यापासनं लपिवताय."

एका सांजेला तिनं ताट सारलं. "माजं पोर तिकडं दम तोडतंय, आन् मी भाकरी मोडू?" दुसऱ्या दिवशी पाण्यालाही तोंड लावीना. तेव्हा कृष्णात ताडकन उठला. तो चौकात पळाला आणि भावही न विचारता कोरे सेल घेऊन आला. दुकानदारानं गल्ल्यावरनं उठून त्याला न्याहाळलं म्हणतात.

"आये, जेवलीस न्हवं?" टेपमधनं भाऊसो ठणठणीत बोलला.

"बग! हाय का न्हाई धडधाकट?" कृष्णात म्हणाला.

राहीबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. चेहरा हलला नाही.

"ह्यो जातानाचा भाऊसो," ती म्हणाली. "ह्यो मला पाठ हाय. काल बोलत हुता, त्यो लाव. आज कसा हाय ते कळू दे मला."

"ह्योच आजचा," असं कृष्णात म्हणायला गेला. पण आजचा भाऊसो त्यालाही ठाऊक नव्हता. शेवटचं पत्र कधी आलं, ते आठवत तो उभा राहिला. आवाज संपला होता आणि पुढची कोरी फीत नव्या सेलांवर एका लयीत सरसरत होती.