कंदिलाच्या काचा आणि दाराचं पोतं

लढाईच्या दिवसांत मी नगरला एका घाऊक व्यापाऱ्याच्या वखारीत होतो. आमची रीत सरळ होती. खेड्यातल्या दुकानदाराची चिठ्ठी मुनीमजी वाचायचे, मी ध्यानात धरायचो आणि सगळी वखार फिरून साबण, काचा, सुंभ एका पाटीत गोळा करायचो. पाटी बांधायची गाठही माझीच. पाटी माझी, जबाबदारी माझी.

मग मुनीमजींनी नवं काढलं. ज्यानं त्यानं आपल्या मालाच्या ओळीपाशी उभं राहायचं, पाटी हातोहात पुढं सरकवायची. "पायपीट वाचंल तुमची," म्हणाले. आमच्या पायांची काळजी यांना कधीपासून, हे मला तेव्हाच खटकलं.

मला कंदिलाच्या काचांची ओळ मिळाली. माझ्यापुढं सुंभाचा गडी, अगदी दाराशी. थोड्याच दिवसांत जामखेडच्या दुकानदाराचा निरोप आला, काचा पोचल्या नाहीत. लढाईमुळं काच बाजारात दिसत नव्हती. चोरून विकणाऱ्याची चांदी होती.

"काचा तुझ्या ओळीतल्या," मुनीमजी सगळ्यांदेखत म्हणाले. "आठ दिसांत सापडल्या न्हाईत तर कामावर येऊ नको."

"घराची झडती घ्या," मी म्हणालो.

माझा संशय सुंभवाल्यावर. त्याच्या डोक्यावर नवी टोपी होती. अशा टंचाईत नवी टोपी येते कुठून?

जामखेडची पुढची पाटी निघाली. काचा मी नेहमीसारख्या ढीगभर वाळल्या गवतात गुंडाळून वर ठेवल्या आणि बघत राहिलो. सुंभाचं भेंडोळं पाटीत मावेना. सुंभवाल्यानं वरचं गवत कवेत उचललं आणि दाराच्या पोत्यात कोंबलं. माल फोडून उरलेलं गवत त्या पोत्यात जायचं, पोतं भरलं की गाड्यांच्या बैलांसाठी.

मी पोतं उलटं केलं. आजच्या काचा निघाल्या, तळाशी मागच्याही.

"मला काय ठावं गवतात काय हाय? मी सुंभाचा," तो म्हणाला.

"बरं, मिटलं," म्हणत मुनीमजी वळले.

"मिटलं न्हाई. सगळ्यांदेखत बोललात, सगळ्यांदेखत मागं घ्या."

आढ्याकडं बघत ते म्हणाले, "ह्यानं काचा घेतल्या न्हाईत." तेव्हापासून काचेची पाटी मीच दारापर्यंत न्यायचो, गाठ मीच मारायचो. कुणाला विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी सुंभवाला शेजारी बसला. "मी तुज्यावरच डोळा ठिवला हुता, गड्या. तुजं भाकरीचं फडकं रोज चाचपायचो."

"काय घावलं?"

"भाकर."

टोपी कुठून आणली, ते मात्र त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.