न्हाणीतला दगड

वेशीवर नवी कमान उभी राहायलीय. तिच्यावर अक्षरं काढणाऱ्यानं आज विचारलं, "सर, गावाचं जुनं नाव काय लिहू?" शाळेत इतिहास शिकवतो मी. शेजारी पाथरवट दगड घडवत होता. दगडाच्या त्या भुकटीच्या वासानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या न्हाणीतला दगड पडक्या देवळातून आणलेला. त्यावर ओळीनं अक्षरं होती. मी लहान असताना, "पाय सोलायलेत," म्हणत वडिलांनी त्यावर टाकी चालवली. मी अक्षरांवर हात ठेवला, तर म्हणाले, "वाचता येत न्हाई, ते ठेवून काय करायचं?" तेव्हा हाच वास सुटला होता. भुकटीवर तांब्याभर पाणी मीच ओतलं.

नाव त्यातच असेल, नसेलही. आता कुठल्या गटारीला विचारू? आंघोळ अजून त्याच दगडावर करतो. पाय मात्र सोलत नाहीत.