राखीव विकेटकीपरची नजर

आज सकाळी नेटजवळच्या बाकावरून उठताना माझा गुडघा कटकन वाजला. माझ्या हाताखालचा कोच धावत आला, पण त्याने माझ्या तोंडाकडे नाही, आधी गुडघ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो.

नऊ वर्षं मी संघाचा राखीव विकेटकीपर होतो. मुख्य कीपरला आम्ही दादा म्हणायचो. त्याच्या बोटांना चिकटपट्टी मीच बांधायचो आणि बांधताना कुठलं बोट सुजलंय ते बघून ठेवायचो. त्याचं वाईट कधी चिंतलं नाही, हे शपथेवर सांगेन. पण एकदा चेंडू त्याच्या अंगठ्यावर बसला. "दादा, फार लागलं का?" म्हणत मी मैदानात धावलो आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं, माझ्या हातांत ग्लोव्हज आधीच चढले होते.

राखीव माणसाने तयार राहायचं असतं, एवढंच. कशासाठी, ते कुणी बोलत नाही.

"सर, फार दुखतंय का? तुम्ही बसा, आज मी घेतो सराव," तो मायेने म्हणाला.

मी बसलो. बाकावर ठेवलेली माझी शिट्टी हाताने चाचपडत शोधली. ती त्याच्या गळ्यात होती.