सातही फोटोंतली म्हातारी

काल शेजारी सुके बोंबील भाजले आणि त्या वासासरशी मला केळव्याचा किनारा आठवला. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट.

सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन बोईसरहून निघायचो आणि माणसांना त्यांच्या नकळत टिपायचो. त्या सकाळी बायका बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. होड्यांच्या आडून, जागा बदलत, मी सात फोटो काढले.

घरी फोटो धुतले तेव्हा ते लक्षात आलं. मागे बसलेली एक म्हातारी सातही फोटोंत थेट माझ्याकडे बघत होती.

पुढच्या रविवारी मी फोटो घेऊन, किनाऱ्यावर विचारत, तिच्या घरी गेलो. दारात तिच्या सुनेने वरचाच फोटो पाहिला.

"सासू आंधली हाय माजी," ती हळूच म्हणाली. "धा वर्सं झाली, काय दिसत नाय तिला. आठवडा झाला, घराबाहेर पन येत नाय."

"कॅमेऱ्याचा आवाज ऐकला असेल," मी म्हणालो. पण त्या वाऱ्यात तो मलाच धड ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "कोन हाय? त्या दिशी सात येला माज्या तोंडावरून हात फिरवला, तो तूच काय?"

मी फोटो आणि निगेटिव्ह सुनेच्या हातात कोंबून पळालो. पुढे विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढला नाही. कित्येक वर्षं वाटायचं, त्या दिवशी मी केवढा घाबरलो होतो. ती आठवडाभर किती घाबरली असेल, हे मात्र काल पहिल्यांदा मनात आलं.