आमिनाआपाच्या दारातल्या चपला

जुई, तो फोन आधी खाली ठेव आणि अशी जवळ सरक. तू रियाधला आणि मी यान्बूला, ठाऊक आहे मला, तरी सरक. मागच्या सुट्टीत आलीस, चार दिवस राहिलीस, आणि त्यातले तीन दिवस कुठल्या अमेरिकी सिनेमानं कुठल्या दशकात किती डॉलर कमावले तेच मला वाचून दाखवत बसलीस. बँकेत कामाला आहेस म्हणून आजीलाही आकडेच ऐकवायचे का गं? वर त्याच यादीतला एक जुना सिनेमा इथल्या मॉलमध्ये पुन्हा लागतोय म्हणून तीन तिकिटं काढलीस, आणि आयत्या वेळी मीटिंग आली म्हणून पळालीस. तुझ्या जागी कोणी बसलं नाही. पण माझ्या शेजारी जी बसली होती ती कोण, हे तरी कधी विचारलंस? ‘समोरच्या इमारतीतल्या आजी’ एवढीच तुझी माहिती. मग ऐक.

आमिनाआपा श्रीवर्धनची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा यान्बूत वाळू जास्त आणि माणसं कमी होती. तुझे आजोबा बंदरात टगवर, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या त्या छोट्या बोटीवर, इंजिन सांभाळायचे. आपाचा नवरा, हसनभाई, अमेरिकन इंजिनिअरांच्या कँपात आचारी होता. ह्या देशात तेव्हा थिएटर नव्हतं, पण त्या कँपात एक हॉल होता आणि गुरुवारी संध्याकाळी तिथे पडद्यावर सिनेमा दाखवत. आपा नवऱ्याला मदत म्हणून समोसे तळायला जायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळा सिनेमा बघायची. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण शनिवारी सकाळी पुरुष कामावर आणि मुलं शाळेत गेली की आम्ही सगळ्या तिच्या घरी जमायचो, आणि ती तो सिनेमा आम्हाला सांगायची. सांगायची म्हणजे काय, करूनच दाखवायची. घोडा आला की पोटऱ्या आवळून बसायची, बंदूक आली की पोळपाटावर लाटणं आपटायची.

तिचा एक नियम होता. सिनेमा ऐकायचा तर तिच्या घरी यायचं. ती कुणाच्या दारी जाऊन सांगायची नाही. ‘‘थिएटर कुठं लोकांच्या घरी जातं, गो?’’ म्हणायची. आणि सुरू करण्याआधी दार उघडून बाहेरच्या चपला बघायची. किती जोड आहेत त्यावर सिनेमा चालला की पडला ते ठरायचं. तुझ्या फोनमध्ये डॉलर असतात ना, तशा तिच्या दारात चपला. दांडग्या माशाचा सिनेमा सांगितला तेव्हा आठ जोड होते, आणि पुढे महिनाभर आम्ही कुणी नवऱ्याला किनाऱ्यावर गळ टाकायला जाऊ दिलं नाही. आकाशात लढाई करतात त्या सिनेमाला मात्र पहिल्या दिवशी तीनच जोड. ‘‘ह्यात ना सासू ना सून, मी तरी काय सांगू?’’ म्हणून आपा हिरमुसली. पुढच्या शनिवारी तिनं तोच सिनेमा परत सांगितला, पण बापलेकाच्या भांडणापासून सुरू केला. अकरा जोड! तो आकडा पुढे कधी मोडला नाही.

आम्ही तिला चिडवायचो, ‘‘आपा, ह्यात तुझ्या पदरचं किती?’’ ती लगेच कानाच्या पाळीला हात लावायची. ‘‘अल्लाकसम, मी बघितलं तेच सांगते. मेलेल्याला जिवंत करत नाय नि जिवंताला मारत नाय. शेवट तर मुळीच नाय बदलत. शेवट बदलला तर उद्या तुम्ही माझ्याकडं याल कशाला?’’ आणि तिचं ते खरंच मानायचो आम्ही. बायकांमध्ये वाद झाला की ‘आपानं सांगितलंय’ म्हटलं की मिटला.

आता त्या आठवड्याचं ऐक, जो मी तुझ्या आईलासुद्धा नीट सांगितलेला नाही. तुझी आई पोटात होती. समुद्रात वादळ उठलं होतं आणि भरकटलेल्या एका जहाजाला आणायला आजोबांची टग गेली. संध्याकाळी यायची ती आलीच नाही. वायरलेस बंद. दुसरा दिवस गेला. बंदरातला माणूस यायचा आणि ‘‘इन्शाअल्ला’’ म्हणून जायचा. मी जेवेना, झोपेना, कुणाशी बोलेना. बायका येऊन बसायच्या, पदरानं डोळे पुसायच्या आणि त्यानं मला जास्तच भीती वाटायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. आपा एकटीच होती. चपला बाहेर काढून आत आली, माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘‘काल कँपात जुना सिनेमा दाखवला. जहाजाचा. ऐक.’’

मला राग आला, जुई. असल्या वेळी सिनेमा? पण ती सुरूही झाली. जहाज बुडतंय. खाली इंजिनाच्या खोलीत एक साधा माणूस. तो लोखंडी दार आतून पाठीनं रेटून धरतो, म्हणून वरची माणसं होड्यांत उतरून वाचतात. मग जहाज पाण्याखाली जातं. ‘‘सगळे म्हणतात गेला. त्याची बायको काय म्हणत नाय. ती नुसती पाण्याकडं बघत बसते. आणि मग, सुमन, पाण्यातनं एक हात वर येतो. ओढून घेतात त्याला. नि वर आल्यावर पहिलं काय मागतो ठाऊक? चहा.’’

मी तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘‘अमेरिकन माणूस कॉफी पितो ना, आपा?’’

‘‘जहाजावरचा माणूस चहाच पितो,’’ ती ठामपणे म्हणाली. ‘‘उठ. आधण ठेव.’’

मी उठले. आपा शेवट बदलत नाही हे मला माहीत होतं, तेवढ्यावर उठले. दिवसभर ते आधण आटायचं आणि मी पाणी वाढवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा दारात उभे. अंगावर कुणाचा तरी सदरा, ओठ मिठानं फुटलेले. ‘‘चहा टाक,’’ म्हणाले. मी आटलेल्या आधणात पुन्हा पाणी ओतलं.

पुढे कॅसेटी आल्या, डिश आली. मुलं इंग्रजी शाळेत शिकून आम्हालाच सिनेमा समजावून सांगायला लागली. ‘‘आपा, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड,’’ असं तुझी आई एकदा म्हणाली, तर आपा हसली आणि म्हणाली, ‘‘तुझ्या टीव्हीत नसंल झालं, बाय.’’ चपला कमी होत गेल्या. हसनभाई गेले. पण तो जहाजाचा सिनेमा कुणा मुलानं लावला नाही, फारच जुना होता. माझ्यापुरता तो आपानं सांगितला तेवढाच. आणि तू नेमकी त्याचीच तिकिटं काढलीस; इंजिनाच्या खोलीत दार धरणारा माणूस म्हणालीस, तेव्हाच मी ओळखला.

तेव्हापासून आपा सबबी सांगायला लागली. गुडघे दुखतात. सुनेला ताप आहे. एसीनं कान दुखतो. मी म्हटलं, ‘‘आपा, तुझाच सिनेमा, आणि तूच येत नाहीस?’’ तर म्हणाली, ‘‘ऐकलेला सिनेमा बघू नये गो.’’ तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मलाही भीती वाटायला लागली. आपा खोटं बोलली असेल, तर ती त्या एकाच दिवशी बोलली असेल. आणि त्याच दिवसावर मी उभी राहिले होते. तरी हट्टानं नेलं तिला.

थिएटरच्या दाराशी तिनं चपला काढल्या. तिकीट बघणारी सौदी मुलगी ‘‘लाअ, खाला, लाअ!’’, म्हणजे नको मावशी, नको, म्हणत हसत सुटली आणि वाकून तिनंच त्या आपाच्या पायांत घातल्या. आत बसल्यावर आपानं माझा हात धरला. जहाज आलं. तो माणूस आला. दार रेटून धरलं. पाणी चढलं. मी वाट बघत राहिले. होड्या दूर गेल्या, बायको पाण्याकडे बघत राहिली, अक्षरं वर सरकायला लागली आणि दिवे लागले. हात काही वर आला नाही.

आपा पुढच्या खुर्चीकडे बघत होती. ‘‘मला इंग्रजी कुठं येत होतं, बाय,’’ हळूच म्हणाली.

‘‘हे कळायला इंग्रजी लागतं?’’ मी म्हटलं. माझा आवाज थोडा चढलाच.

‘‘नाय लागत,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुझं तोंड बघितलं, नि माझ्या तोंडातनं तो मेलेला निघेचना. तेवढा एकच बदलला, सुमन. बाकी सगळे जसे होते तसे.’’

मी काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. तुझे आजोबा. आता त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ओरडूनच बोलतात; माझ्या कानाला सोसत नाही, मी स्पीकरच लावते. अर्ध्या रिकाम्या थिएटरात ते ओरडले, ‘‘अगं, चहाची पूड कुठे ठेवलीस? पाणी उकळून गेलं इथे!’’

आपानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नाक मात्र जुन्या तोऱ्यानं वर गेलं. ‘‘ऐकलंस? वर आलाय नि चहा मागतोय. शेवट कुठं चुकला माझा?’’

आम्ही दोघी इतक्या हसलो की ती सौदी मुलगी बघायला आत आली.

तर तुझ्या यादीत तो सिनेमा कितव्या नंबरला आहे ते असू दे. माझ्या दारात तो लागला तेव्हा बाहेर चपलांचा एकच जोड होता, आणि तोही सांगणारीचाच. आपल्या नियमाविरुद्ध आलेली होती ती. त्याच्यापेक्षा जास्त चाललेला सिनेमा मला माहीत नाही.

आता काम सांगते. आपाच्या मुलाची नोकरी संपली, फायनल एक्झिटचे कागद झालेत, महिनाअखेर ती कायमची श्रीवर्धनला निघाली. जाण्याआधी एक सिनेमा सांगणार म्हणते, कुठला ते सांगत नाही. जुन्या बायकांपैकी इथे आम्ही दोघीच उरलो, म्हणून तुझ्या आईला बोलावलंय, शेजारच्या केरळच्या बाईंना बोलावलंय, त्या थिएटरातल्या मुलीलाही आपानं स्वतः आमंत्रण दिलंय. आपाची सून आणि इमारतीतल्या बाकीच्या बायका धरून मोजून दहा जोड होतात. अकरावा कमी पडतोय, बाळा. पुढच्या शनिवारच्या आत ये.