घरी पक्षी नाहीत

वेखंडे सर माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी पायांकडे, मग हातांकडे, आणि तोवर समोरचा अर्धमेला झाला की मग तोंडाकडे. मुरबाडच्या कंपनीत मी रुजू झाले त्या सकाळी नवा ड्रेस घालून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "नमस्कार सर, मी नंदा. डोळखांबकडची." त्यांनी माझ्या सँडलांना लागलेला चिखल निरखून बघितला आणि म्हणाले, "तू कोन, कुटली, ते नको सांगू. सकाळपासनं हात कुटं कुटं लावलास ते सांग." मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. मग एसटीचा दांडा, डब्याचं झाकण, स्वतःचे केस असं सगळं मला शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवावं लागलं. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडला नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

आमच्या कंपनीत कोंबड्यांच्या रोगांवरच्या लशी बनतात. लस बनवायची म्हणजे रोगाचा जंतू आत वाढवावा लागतो. तो जंतू बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा कुठला आत येऊ नये, हे बघणारा माणूस म्हणजे जैवसुरक्षा अधिकारी. वेखंडे सर ते होते. मूळचे मुरबाडच्या पलीकडच्या एका खेड्यातले, भातशेतीवाल्या घरातले, बोलणं अस्सल आमच्याकडचं. त्यामुळे आपल्या भागातल्या पोरापोरींना त्यांचा आधार असेल असं कोणालाही वाटावं. उलट होतं. बाहेरच्यांना ते एकदा बोलत, आम्हाला तीनदा.

तसे ते मोठ्यांनाही सोडत नसत. एकदा मुंबईहून कंपनीचे कोणी बडे साहेब पाहणीला आले. आतून बाहेर येताना आंघोळ करून, कपडे बदलून यायचं असा नियम. साहेब आंघोळ करून आले, पण आत वापरलेलं पेन तसंच हातात. सर दारात आडवे उभे. "पेनानं आंगोळ केली का, साहेब?" साहेबांना परत आत जाऊन दुसरी आंघोळ करावी लागली, आणि ते पेन वाफेच्या मोठ्या कुकरमधून काढून, पार वाकडं झालेलं, पिशवीत घालून सरांनी त्यांच्या गाडीत नेऊन दिलं. आम्ही आठवडाभर हसत होतो. पण सरांची पाठ फिरल्यावर.

चार वर्षं काम केल्यावर मला जैवसुरक्षेच्या व्यावसायिक प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं होतं. ते मिळालं असतं तर कंत्राटावरची मदतनीस हे बिरूद गेलं असतं आणि मी कायम झाले असते. पुढेमागे सरांच्याच खुर्चीपर्यंत वाट होती. मी रोज किन्हवलीहून कंपनीच्या बसमध्ये बसले की पुस्तक उघडायची. हवा कुठल्या दाबाने कुठून कुठे वाहते, सांडलेलं कसं आवरायचं, नमुने पॅक कसे करायचे, सगळं तोंडपाठ. पण परीक्षेला बसायच्या आधी अर्जावर आपल्या अधिकाऱ्याची सही लागते. ही व्यक्ती नियम पाळते, तिच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो, असं त्याने लिहून द्यायचं. म्हणजे वेखंडे सरांनी.

आणि तिथेच माझं पाणी मुरत होतं. कंपनीतला प्रत्येक जण दरवर्षी एका कागदावर सही करतो. त्यावर एक ओळ असते : 'माझ्या घरी कोंबड्या, बदके वा अन्य पक्षी पाळलेले नाहीत.' कारण सरळ आहे. आपण कपड्यावरून, चपलेवरून घरच्या कोंबडीचा रोग आत आणू शकतो आणि आतला जंतू घरी नेऊ शकतो. सर म्हणत, "आपनच नेतो नि आपनच आनतो. जंतूला पाय नसतात, आपल्याला हायेत." मी चारही वर्षं त्या ओळीखाली सही केली होती. आमच्या पडवीत आईच्या अकरा कोंबड्या होत्या. उघड्या मानेच्या, तांबूस, दिसायला भिकार आणि अंड्याला पक्क्या. शेत आजोबांचं, घर माझ्या वडलांचं, दादांचं, या घरात आईचं म्हणून जे काही होतं ते त्या खुराड्यात होतं. तिला 'काढून टाक' म्हणायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी तिला त्या कागदाविषयी कधी सांगितलंच नाही.

दिवाळीनंतर, भात झोडून झालं होतं तेव्हाची गोष्ट. सर डोळखांबला कोणा नातेवाइकाकडे आले होते. आमच्या दादांना ते स्टँडवर दिसले. माझा अर्ज सरांच्या टेबलावर पडून आहे, एवढं दादांना माहीत होतं. आपल्या बाजूचा माणूस, पोरीचा साहेब, दारावरून जातोय म्हटल्यावर त्यांनी त्यांना ओढूनच घरी आणलं. सुट्टी होती, मी बाजाराला किन्हवलीला गेले होते. दुपारी घरी परतले तर सर पाटावर बसलेले, समोर ताट, ताटात तांदळाची भाकरी, आणि वाटीत तेल तरंगणारा कोंबड्याचा रस्सा.

आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला बाजारचं काही घालत नाहीत. आईने आपल्या खुराड्यातला सगळ्यात देखणा कोंबडा कापला होता. माझ्या सहीसाठी. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"वैनी, कोंबडा कुटला?" सरांनी भाकरी मोडता मोडता विचारलं.

"आता कुटला म्हंजे? घरचाच हाय," आई कौतुकाने म्हणाली. "बाजारचा नाय घालत आमी कोनाला. अजून धा हायेत मागं. घ्या ना, रस्सा घ्या."

सरांनी रस्सा घेतला. मग आणखी एक भाकरी घेतली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ताट चाटूनपुसून साफ केलं, परसदारी कोपरापर्यंत हात धुतले, "येतो, वैनी" म्हणाले आणि गेले. दादा मला म्हणाले, "झालं बघ तुजं काम." आई तर इतकी खूश होती की मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला गेटवरच्या खोलीत थांबवलं. टेबलावर माझा अर्ज होता, सहीची जागा कोरी. बाजूला ती चार वर्षांची चार घोषणापत्रं ओळीने मांडलेली.

"कागूद खोटा बोलत नाय गो," ते म्हणाले. "सही करनारा बोलतो."

"सर, मी कधी हात न धुता आत गेले नाही. एक दिवस नाही."

"ते मला ठाव हाय. पन ते मी बघतो म्हनून ठाव हाय. ह्या कागदात लिव्हायचंय की कोन बघत नसलं तरी तू खरं बोलतेस. काय लिवू?"

मी भलतंच बोलले. "आमच्या घरचं जेवलात ना सर काल. दोन भाकऱ्या."

"तीन," ते म्हणाले. "जेवन चांगलं होतं. त्येचा नि ह्येचा काय संबंद?"

मग त्यांनी नोंदवही उघडली. कोणी पक्ष्यांच्या संपर्कात आलं तर त्याने सात दिवस आत जायचं नाही, असा नियम आहे. त्यांनी माझं नाव लिहिलं. खाली आपलं लिहिलं : पक्ष्यांशी संपर्क, ठिकाण नंदा हिचे घर. आणि ते सात दिवस ते त्या खोलीत माझ्यासमोरच बसून राहिले. त्यांचे सातच दिवस गेले, माझं वर्ष गेलं. "कोंबड्या काड. वरीसभर खरी सही करून दाव. मग ये," असं त्यांनी सांगितलं होतं. माझी नोकरी घालवता आली असती, तरी घालवली नाही, हेही सुनावलं होतं. त्याबद्दल मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा असेल तर ती आजही अपूर्णच आहे.

घरी सांगितलं तेव्हा दादा खाली बसले. आईला कोंबड्यांपेक्षा दुसरंच लागलं होतं. "माज्या हातचं खाऊन उटला तो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. रविवारी टोकावड्याहून माझी मावशी आली आणि दहाही कोंबड्या पाय बांधून घेऊन गेली. दिवस मावळताना आई सवयीने पडवीत जायची, खुराड्याचं दार लावायला हात पुढे करायची आणि मग तिथेच उभी राहून वेखंडे सरांना मनसोक्त शिव्या घालायची. मी आतून ऐकायची. मला त्या पुरेशा वाटायच्या नाहीत.

वर्ष संपलं तसे सर न सांगता घरी हजर. आईने 'या' म्हटलं नाही. ते थेट पडवीत गेले, वाकून खुराड्यात बघितलं. आत काटक्या भरलेल्या. त्यांनी एक काटकी उचलून खालची जमीनसुद्धा बघितली. मग खिशातून माझा अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवून सही केली. आईने पाणी विचारलं नाही, त्यांनी मागितलं नाही. मी परीक्षा दिली आणि पास झाले. निकाल दाखवायला गेले तर माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "पास झालीस. आता चुकशील ती कागदासकट चुकशील." अभिनंदनाची एवढी कंजुषी मी आयुष्यात दुसरी बघितली नाही.

पुढे दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यांची खुर्ची मला मिळाली. सुटलो, असं सगळ्यांनी म्हणून घेतलं, मी सगळ्यात मोठ्याने.

आणि मग एका रविवारी ते पुन्हा आमच्या दारात उभे. हातात झाकणाची रिकामी टोपली. आईने या खेपेला पाणी दिलं, कोरा चहा दिला.

"वैनी," सर म्हणाले, "तीस वरसं घरात कोंबडीचं पीस नाय येऊ दिलं. बायको मागून मागून थकली. आता मी मोकळा झालो. तुमची ती उगड्या मानेची जात लय चांगली. त्या दिशी जेवलो तसं परत कुटं जेवलो नाय. एक जोडी द्या."

म्हणजे त्या जेवणाची चव त्यांना इतकी वर्षं आठवत होती. आईचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग तिने पदर सारखा केला.

"आमच्याकडं कोंबड्या नाय."

"एकबी नाय?"

"तुमी रिटायर झालाव. पोर नाय झाली."

"बगून घ्या पायजे तर," आई म्हणाली आणि पडवीकडे बोट केलं. सरांनी पडवीकडे बघितलं नाही. आईच्या तोंडाकडे बघितलं, पायांकडे नाही, हातांकडे नाही. मग रिकामी टोपली उचलून निघाले. मावशीचं टोकावडं त्यांच्या परतीच्या वाटेवरच होतं. तिथे त्या जातीच्या आता वीस-पंचवीस कोंबड्या झाल्या होत्या. आईने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. टोपली घेऊन चाललेला तो माणूस मी वळणापर्यंत बघितला आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते.

तीन महिन्यांनी ते गेले. हृदयविकाराने, बसल्या जागी. आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. "बरं," म्हणाली.

मला कंपनीतून सुट्टी मिळेना. तेरावा उलटून गेल्यावर मी मुरबाडला त्यांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी, काकू, अंगणात बसल्या होत्या. त्यांच्याजवळ खाली बसले, सर शेवटी काय म्हणाले, काय जेवले, हे ऐकत राहिले. तेवढ्यात माझ्या पायाशी काहीतरी आलं आणि सँडलच्या पट्ट्याला टोच मारली. तांबूस, उघड्या मानेची कोंबडी. मागून कोंबडा.

"कोन टोकावड्याची बाय देऊन गेली गो," काकू म्हणाल्या. "मी इचारलं, कोनी पाठवल्यात? तर म्हनाली, नाव नाय सांगायचं असं सांगितलंय."

मी त्यांनाही काही सांगितलं नाही. घरी गेल्यावर आईलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या खोलीत नोंदवही उघडली. मी अंगणात दहा मिनिटं बसले होते. घरी जाऊन आंघोळ केली होती, कपडे उकळले होते, सँडल बदलले होते. कोणी बघितलं नव्हतं, आणि विचारणारं तर आता कोणीच नव्हतं. त्या आठवड्यात आत माझं महत्त्वाचं काम होतं, ते सगळं अडणार होतं. मी माझं नाव लिहिलं. पक्ष्यांशी संपर्क. ठिकाण : वेखंडे सर यांचे घर, मुरबाड.

सात दिवस मी त्या खोलीत एकटी बसले आणि सातही दिवस त्यांना शिव्या घातल्या.