मी न सांगितलेल्या गोळ्या

नव्वदीच्या दशकात नोकरीसाठी नगरहून बंगळुरूला आलो, तेव्हा माझा विश्वास डगमगत होता. दम्याने बेजार होतो आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कारखान्यात जीव रमत नव्हता. रविवारी दुपारी एका कानडी चर्चमध्ये आम्हा वीस-पंचवीस मराठी माणसांची उपासना भरे, तेवढाच आधार. एकदा पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मला खरोखरच मोकळा श्वास आला. पुढच्या रविवारी देवाने बरं केल्याची साक्ष द्यायला उभा राहिलो. गळा दाटून आला, लोक देवाची स्तुती करू लागले, आणि त्या भरात मी सांगून टाकलं, "त्या दिवसापासून दम्याची एकही गोळी घेतलेली नाही." सकाळीच दोन घेतल्या होत्या. पण डोळ्यांत पाणी होतं ना, त्यामुळे बोलताना मला ते खरंच वाटलं.

महिन्याभराने सुमतीअक्का आपलं गीतपुस्तक चर्चमध्ये विसरल्या. बनशंकरीत एकट्या राहणाऱ्या या म्हाताऱ्या मराठी बाई, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. पुस्तक द्यायला गेलो, तर त्यांनी भिंतीला धरून दार उघडलं. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या.

"तुझी साक्ष ऐकली, तेव्हाच सोडल्या," त्या हसून म्हणाल्या. "स्वल्प चक्कर येते. माझाच विश्वास कमी पडतो बघ."

मी हादरलो. मनातल्या मनात देवाकडे धैर्य मागितलं. आली ती फक्त लाज. वाटलं, आधी डॉक्टरकडे नेऊ, खरं काय ते मग कधीतरी सांगू. पण त्या स्वतःच्या विश्वासाला दोष देत होत्या, ते ऐकवेना. "अक्का, मी खोटं बोललो. गोळ्या मी अजून घेतो." त्यांनी गीतपुस्तक माझ्या हातून घेऊन टेबलावर ठेवलं. मग चपला घालून माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पुस्तक विसरणं हा योगायोग होता की आणखी काही, हा वाद मी घालत नाही.

त्या रविवारी पुन्हा उभा राहून मी सगळं सांगितलं. गळा दाटला नाही, कुणी स्तुतीही केली नाही. एक जण उठून बाहेर गेला. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा प्याला रांगेतून फिरत आला, तेव्हा मी तो न घेता मान खाली घालून बसलो. शेजारी अक्का होत्या.

"घे," त्यांनी प्याला माझ्यापुढे धरला. "लायकी बघून देत असते, तर मला तरी कुठे मिळाला असता?"

मी घेतला. तेव्हाही मनात फारसं काही दाटून आलं नाही. पण लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी प्रभूचे उपकार आजही मानतो.